डिझेल गाडीच्या हीटर प्लगचा दिवा कसा जोडावा?

थंडी सुरू झाली की आठवडे बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. फजरची नमाज पढून माणूस माल भरलेल्या गाडीजवळ येतो, किल्ली फिरवतो, सेल्फ घरघर करतो, धुराड्यातून थोडा पांढरा धूर निघतो आणि इंजिन काही चालू होत नाही. दोन-चार वेळा असे झाले की बॅटरी बसते. मग धक्का मारायला माणसे शोधावी लागतात, आणि बाजारात पोहोचेपर्यंत सकाळचे गिऱ्हाईक निघून गेलेले असते. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या बराच खाली जातो. मालेगाव, सटाणा, धुळे या पट्ट्यातही पहाटेची थंडी काही कमी नसते. जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा तेव्हाच होते.

या त्रासाचे कारण बहुतेक वेळा हीटर प्लग असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, आपले मिस्त्री हीटर प्लग म्हणतात. तो काम करतो की नाही हे सांगण्यासाठी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो, त्याच्यावर वेटोळ्या तारेचे चित्र असते. कित्येक जुन्या गाड्यांत हा दिवा एक तर बंद पडलेला असतो, नाही तर मिस्त्रीने वायर तोडून टाकलेली असते, नाही तर भलत्याच ठिकाणी जोडलेली असते. हा दिवा नीट कसा जोडावा आणि जोडल्यावर त्याचे म्हणणे कसे समजून घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे. मी कापडाचा व्यापारी, मिस्त्री नव्हे. परंतु ज्या गाडीवर आपला धंदा चालतो तिची एवढी माहिती मालकाला असली पाहिजे, म्हणजे वायरमनशी बोलताना आपण मुके राहत नाही.

प्लग काय करतो?

डिझेल इंजिनात पेट्रोल गाडीसारखी ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते पेटते. जुन्या मोटारी आणि जीपच्या इंजिनांत हे डिझेल सरळ सिलिंडरमध्ये न पडता डोक्यातल्या एका लहान कोठडीत पडते. या इंजिनात हवा सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. इंजिन गरम असेल तर काही अडचण नाही. पण रात्रभर थंडीत उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या भिंती ही सगळी गरमी शोषून घेतात. त्या कोठडीत पेन्सिलीच्या टोकासारखा जो तापणारा तुकडा बसवलेला असतो तोच हीटर प्लग. त्याचे टोक आठशे-साडेआठशे अंशांच्या वर लालभडक होते आणि डिझेलच्या फवाऱ्याला पहिली आग मिळते.

महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून जे डिझेल इंजिन आणले, ज्याच्यासाठी आपल्याच इगतपुरीला कारखाना उभा राहिला, ते याच जातीचे. डिझेल अँबेसेडर, बजाज टेम्पोची जुनी ट्रॅक्स, टाटाची जुनी सुमो आणि १९९८ साली आलेली इंडिका, या गाड्यांची जुनी डिझेल इंजिनेही याच जातीची. याउलट माल वाहणाऱ्या अनेक जुन्या ट्रक-टेम्पोंत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्यांना हीटर प्लग नसतातच. तेव्हा दिव्याची वायर शोधण्याआधी आपल्या इंजिनाला प्लग आहेत की नाहीत ते पाहून घ्यावे. नसलेल्या प्लगचा दिवा जोडून घेणारे लोकही दुनियेत आहेत.

विजेचा हिशेब

आता जरा आकडेमोड, कारण इथेच बहुतेक चुका होतात. बारा व्होल्टचा एक साधा हीटर प्लग गरम झाल्यावर साधारण दहा ते पंधरा अँपिअर घेतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत, थंड असताना, त्याहूनही जास्त घेतो. आपण बारा धरू. चार प्लगांचे अठ्ठेचाळीस अँपिअर झाले. म्हणजे जवळजवळ पावणेसहाशे वॅट, म्हणजेच हेडलाइटचे साधारण दहा बल्ब एकाच वेळी पेटवल्यासारखे. एवढी वीज किल्लीच्या स्विचमधून नेली तर स्विच जळेल. म्हणून मध्ये रिले बसवतात. किल्ली फक्त रिलेला हुकूम देते. खरी वीज बॅटरीवरून जाड वायरने रिलेत येते आणि तिथून प्लगांकडे जाते.

दिव्याचा हिशेब अगदी उलटा आहे. डॅशबोर्डचा लहान बल्ब सव्वा ते दोन वॅटचा, म्हणजे तो एका अँपिअरचा दहावा-सहावा हिस्सा घेतो. एका बाजूला पन्नास अँपिअरची नदी आणि दुसऱ्या बाजूला थेंबभर वीज मागणारा बल्ब. या दोघांची गाठ घालायची असल्यामुळेच हे काम जपून करावे लागते.

आणखी एक हिशेब व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे. बॅटरी उतरेल या भीतीने काही लोक प्लग तापूच देत नाहीत, सरळ सेल्फ मारतात. वीस सेकंद प्लग तापवायला पन्नास अँपिअरप्रमाणे जेवढी वीज लागते, त्याच्या पाचपट वीज थंड इंजिनाला वीस सेकंद सेल्फ मारण्यात जाते, कारण सेल्फ सहज अडीचशे अँपिअर ओढतो. म्हणजे एक रुपया वाचवण्यासाठी पाच रुपये खर्च करण्याचा हा प्रकार आहे.

दिवा कुठे जोडावा?

रिलेच्या पायांवर आकडे लिहिलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेली जाड वायर, ८७ म्हणजे प्लगांकडे जाणारी जाड वायर, ८६ आणि ८५ ही रिलेच्या आतल्या कॉइलची दोन टोके. एकाला किल्लीची वायर आणि दुसऱ्याला अर्थ. वायरच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. तीस वर्षांत किती वायरमनचे हात त्या गाडीला लागले असतील याचा अंदाज कोणालाच नसतो.

सोपा आणि सर्रास चालणारा जुगाड असा की दिव्याची वायर ८६ वर, म्हणजे किल्लीकडून येणाऱ्या वायरवर जोडून देतात. जागा जवळ, मेहनत कमी. किल्ली फिरवली की दिवा लागतो आणि मालक खूश होतो. पण या दिव्याची गवाही काय आहे? एवढीच, की किल्लीने हुकूम दिला. तो रिलेने ऐकला का, रिलेतून वीज गेली का, प्लगांपर्यंत पोहोचली का, यातले काहीही या दिव्याला मालूम नाही. रिले जळालेला असला तरी हा दिवा रोज सकाळी इमाने इतबारे लागतच राहील.

त्यापेक्षा दिव्याची वायर प्लगांकडून घ्यावी. चार प्लगांच्या डोक्यांवर एक धातूची पट्टी किंवा जाड वायर एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली असते. रिलेकडून येणारी जाड वायर ज्या प्लगावर पट्टीला मिळते, त्याच नटाखाली दिव्याच्या वायरचा थिंबल बसवावा. तिथून वायर आतल्या बाजूला डॅशबोर्डपर्यंत न्यावी, बल्बच्या एका टोकाला जोडावी आणि बल्बचे दुसरे टोक चांगल्या अर्थला द्यावे. आता हा दिवा तेव्हाच लागेल जेव्हा किल्ली, रिले, मोठा फ्यूज आणि जाड वायर या चौघांनी आपापले काम केलेले असेल. यांतला एकही नापास झाला तर दिवा लागणार नाही. वायर दोन फूट जास्त लागते, पण गवाही पक्की मिळते.

या जोडणीत एक गोष्ट कधीही सोडू नये, आणि नव्याण्णव टक्के जुगाडांत नेमकी तीच सोडलेली असते. दिव्याची बारीक वायर जाड वायरवरून काढली की त्या सुरुवातीलाच, प्लगापासून वीतभर अंतराच्या आत, दोन अँपिअरचा फ्यूज लावावा. कारण असे की जाड वायरचा मोठा फ्यूज पन्नास ते ऐंशी अँपिअरचा असतो. आपली बारीक वायर इंजिनाच्या हादऱ्याने कुठे घासली आणि बॉडीला टेकली, तर तो मोठा फ्यूज उडणारच नाही. त्याच्या हिशेबाने काही बिघडलेलेच नाही. तोपर्यंत बारीक वायर लाल होऊन तिचे प्लास्टिक पेटलेले असते, आणि ती वायर डॅशबोर्डमागच्या सगळ्या वायरींच्या जुडग्यातून गेलेली असते. मागे सुताचे किंवा कापडाचे गठ्ठे भरलेले असतील तर पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. दोन अँपिअरच्या फ्यूजची किंमत चहाइतकीही नसते.

वायर इंजिनाकडून आत येताना लोखंडी पत्र्याच्या भोकातून येते. तिथे रबरी गोल वॉशर असलाच पाहिजे. इंजिन हलते, पत्रा हलत नाही, म्हणून वायरला थोडी ढील ठेवावी, पण ती धुराड्याच्या गरम पाइपाला लागणार नाही हे पाहावे. दिव्याला जाडी एक चौरस मिलिमीटरपेक्षा कमी वायर चालते, परंतु इंजिनाजवळ ती सहज तुटते, एकची घ्यावी. रिलेकडून प्लगांकडे जाणारी वायर मात्र सहा चौरस मिलिमीटरच्या खाली नको, दहाची असेल तर उत्तम.

अर्थचेही तसेच. प्लगाला वेगळी अर्थ वायर नसते, तो आपल्या आट्यांतून इंजिनालाच अर्थ घेतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जो वेणीसारखा जाड पट्टा असतो तो गंजला असेल तर पन्नास अँपिअर वीज परतीची वाट शोधते आणि एखाद्या ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा परत जाते. केबल गरम लागली तर मिस्त्री केबल बदलतो. खरा इलाज तो पट्टा घासून स्वच्छ करण्याचा असतो.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

वर सांगितल्याप्रमाणे जोडलेला दिवा वीज प्लगांपर्यंत पोहोचल्याची गवाही देतो. प्लग तापले याची गवाही तो देत नाही, हे ध्यानात ठेवावे. चारही प्लग आतून तुटलेले असले तरी पट्टीवर वीज आहे म्हणून दिवा लागेल.

तरीही या दिव्याचा एक मोठा फायदा असा की तो चिकटलेला रिले पकडून देतो. जुन्या रिलेचे आतले संपर्क कधी कधी वितळून एकमेकांना चिकटतात. मग किल्ली सोडली, इंजिन चालू झाले, गाडी रस्त्याला लागली तरी प्लग तापतच राहतात. बॅटरी उतरते, प्लग जळतात, आणि प्लगाचे टोक तुटून सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टनचे जे नुकसान होते त्यात एका मोसमाची कमाई जाते. किल्लीच्या वायरवर जोडलेला दिवा अशा वेळी शांतपणे विझलेला असतो. पट्टीवर जोडलेला दिवा मात्र किल्ली काढून घेतली तरी पेटलेला राहतो. असा दिवा दिसला तर गाडी थांबवून बॅटरीची वायर काढावी, घरी पोहोचण्याची वाट पाहू नये.

प्लग स्वतः शाबूत आहेत की नाहीत हे डॅशबोर्डवरूनच पाहायचे असेल तर एक दुसरी युक्ती आहे. एक वेगळा लहान बल्ब घ्यावा. त्याचे एक टोक किल्लीनंतरच्या, फ्यूज असलेल्या वायरवर एका दाबायच्या बटणातून जोडावे आणि दुसरे टोक फ्यूज लावून प्लगांच्या पट्टीवर. प्लग बंद असताना बटण दाबले की वीज बल्बमधून पट्टीवर आणि पट्टीवरून प्लगातून अर्थला जाते. प्लग शाबूत असला तर त्याची तार बल्बच्या मानाने सरळ रस्त्यासारखीच असते, म्हणून बल्ब पूर्ण उजेडाने लागतो. ही वीज इतकी थोडी असते की प्लग अजिबात तापत नाही. पहिला दिवाही पट्टीवर जोडलेला असेल तर गंमत पाहा: प्लग शाबूत असताना फक्त बटणाचा बल्ब लागतो, आणि सगळे प्लग मेलेले असले तर विजेला अर्थला जायला पहिल्या दिव्याशिवाय रस्ता उरत नाही, म्हणून दोन्ही बल्ब अर्ध्या उजेडाने मिणमिणतात. दोघे मिणमिणले की समजावे, प्लग संपले.

अर्थात चारांपैकी एक जरी प्लग जिवंत असला तरी बटणाचा बल्ब पूर्ण लागेल. म्हणून खरी तपासणी एकेका प्लगाचीच करावी लागते, आणि ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, थंडीच्या आधी करून घ्यावी. पट्टी काढावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या अधिक टोकाला लावावे आणि दुसरे टोक एकेका प्लगाच्या डोक्याला टेकवावे. लॅम्प लागला तर प्लगाची तार शाबूत, नाही लागला तर प्लग बदलावा. वायरमनकडे डीसी क्लँप मीटर असेल तर पट्टी काढण्याचीही गरज नाही. जाड वायरभोवती मीटर धरून प्लग चालू करावेत आणि दहा सेकंदांनंतरचा आकडा वाचावा. चार प्लगांना अठ्ठेचाळीस येत असतील तर छत्तीसला एक मेलेला, चोवीसला दोन. दोन मेले की थंडीत गाडी रडते, तीन मेले की मग तुम्ही रडता.

काही फार जुन्या गाड्यांत प्लग एकामागोमाग एक, साखळीसारखे जोडलेले असतात. त्या प्लगाला दोन टोके असतात आणि ते बारा व्होल्टचे नसून एक-दोन व्होल्टचे असतात. त्यांत डॅशबोर्डवर बल्बऐवजी एक उघडी तार लाल होताना दिसते आणि ती खरोखर प्लगांचीच वीज वापरते. एक प्लग तुटला की सगळी साखळी तुटते आणि ती तारही लाल होत नाही. ईमानदारीच्या बाबतीत ती जुनी पद्धत आजच्या दिव्यापेक्षा सरस होती असे माझे मत आहे. या साखळीतल्या प्लगाला थेट बारा व्होल्ट दिले तर तो तिथल्या तिथे जळतो, म्हणून वर सांगितलेली जोडणी तिथे चालणार नाही.

कंपनीचा टायमर असलेली गाडी

इंडिकासारख्या नंतरच्या गाड्यांत रिलेच्या जागी टायमरचा डबा येतो. इंजिन किती थंड आहे ते पाहून तो वेळ ठरवतो. तिथे दिव्याचे एक टोक किल्लीनंतरच्या विजेला असते आणि दुसरे टोक त्या डब्यात जाते. डबा आतून अर्थ देतो तेव्हा दिवा लागतो. या गाडीत दिवा विझला म्हणजे आता सेल्फ मारा असा इशारा असतो. प्लग त्यानंतरही काही सेकंद चालू राहू शकतात. इंजिन गरम असताना दिवा क्षणभर लागून विझणे किंवा न लागणे हा बिघाड नाही. पुष्कळ लोक एवढ्यावरून डबा बदलून बसतात.

या गाडीत दिवा बंद असेल तर डबा फोडू नये आणि नवी वायर ओढू नये. डब्याचा कनेक्टर काढावा, किल्ली चालू करावी आणि दिव्याच्या वायरला टेस्ट लॅम्पमधून अर्थ द्यावा. थेट वायरने अर्थ देऊ नये. ती दिव्याची वायर असेल तर डॅशबोर्डचा दिवा लागेल आणि हातातला टेस्ट लॅम्प लागणार नाही, कारण लहान बल्बमधून येणारी वीज मोठ्या बल्बला पुरत नाही. चुकून दुसरीच, विजेची वायर हाती आली असेल तर टेस्ट लॅम्प लख्ख लागेल आणि काहीही जळणार नाही. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष डब्यात किंवा त्याला गरमी सांगणाऱ्या सेन्सरमध्ये. दिवा लागला नाही तर आधी बल्ब बदलून पाहावा. बल्बच्या जागी एलईडी घालायचा मोह टाळावा. तिला अधिक-उणे टोक असते, सोबत रेझिस्टन्स लागतो, आणि डब्यातून झिरपणाऱ्या किंचित विजेवरही ती मंद जळत राहू शकते.

कॉमन रेल इंजिनाच्या नव्या गाड्यांना या लेखातले काहीही लागू करू नये. त्यांतल्या पुष्कळ प्लगांना चार-पाच ते सात व्होल्टच लागतात आणि कॉम्प्युटर ती वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो. टेस्टसाठी कोणी थेट बॅटरी लावली तर काही सेकंदांत प्लग जातो. काही गाड्यांत तो पिवळा वेटोळ्याचा दिवा चालत्या गाडीत लुकलुकू लागतो. त्याचा अर्थ प्लगाशी नसून इंजिनाच्या कॉम्प्युटरने दुसराच काही दोष नोंदवला असा असतो. तिथे स्कॅनरवाल्याकडेच जावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

आपल्यातले बहुतेक लहान व्यापारी गाडी सेकंड हँड घेतात. या बाजारात दिव्याच्या बाबतीत बरीच चलाखी चालते. प्लग मेलेले असतात, रिले गेलेला असतो, आणि डॅशबोर्डचा दिवा मात्र एखाद्या स्वस्त टायमरवर किंवा ऑइलच्या दिव्याच्या वायरवर जोडून दिलेला असतो. किल्ली लावली की लागतो, थोड्या वेळाने विझतो, गिऱ्हाईकाची खात्री पटते. मालातला ऐब मालूम असून लपवणे हे कापडात जसे नाजायज तसेच गाडीत. शरीअतने खरेदीदाराला खियार-ए-ऐब, म्हणजे लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क दिलेला आहे. पण तो हक्क बजावण्यापेक्षा आधीच पाहून घेणे सोपे. आणि आपण विकणारे असू तर प्लग किती चालू, किती बंद, हे आपण होऊन सांगावे. त्याने किमतीत थोडा फरक पडतो, तो पडू द्यावा.

पाहून घेण्याची रीत अशी. सौदा दुपारी करू नये. विकणाऱ्याने इंजिन आधीच चालवून गरम करून ठेवलेले असते. पहाटे जावे, बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवावा. कोमट लागले तर परत यावे. इंजिन थंड असेल तर आतला छताचा दिवा लावून किल्ली हीटरवर करावी. रिलेचा टक असा आवाज आला पाहिजे आणि त्याच क्षणी छताचा दिवा किंचित मंद झाला पाहिजे, कारण पन्नास अँपिअर ओढले की बॅटरी दबतेच. रिले सुटला की छताचा दिवा पुन्हा उजळतो. डॅशबोर्डचा पिवळा दिवा लागला पण छताच्या दिव्याला काहीच झाले नाही, तर तो पिवळा दिवा खोटी गवाही देत आहे. या परीक्षेला ना मीटर लागतो ना पाना.

प्लग नसल्यामुळे ज्या गाडीला स्प्रे मारून चालू करण्याची सवय लागली आहे, ती घेताना दोनदा विचार करावा. ईथरचा तो स्प्रे तापलेल्या प्लगावर पडला तर वेळेआधीच भडका उडतो, आणि पिस्टनच्या कड्या तुटतात. प्लग नीट करून घेतल्यावर स्प्रेचा डबा गाडीतून काढूनच टाकावा, नाही तर ड्रायव्हर जुन्या सवयीने दोन्ही एकदम वापरतो.

शेवटी काम करून घेताना लक्षात ठेवण्याच्या गोष्टी. बॅटरीचे उणे टोक सगळ्यांत आधी काढावे आणि सगळ्यांत शेवटी जोडावे. प्लग काढायचा असेल तर इंजिन थोडे कोमट असताना काढावा. थंडगार इंजिनात काजळीने जाम झालेला प्लग जोर लावला तर आतच तुटतो आणि हेड उतरवावे लागते. बसवताना लांब पान्याने आवळू नये, आटे हेडमध्ये असतात आणि ते गेले की खर्च प्लगाच्या कित्येक पट होतो. चारही प्लग एकाच कंपनीचे, एकाच व्होल्टेजचे घ्यावेत. व्होल्टेज प्लगाच्या अंगावर कोरलेले असते. वायरमनने नवी वायर टाकली की तिच्या दोन्ही टोकांना टेप लावून त्यावर शाईने “हीटर दिवा, फ्यूज २” असे लिहून घ्यावे. पुढच्या वर्षी दुसरा वायरमन येईल तेव्हा तो ती तोडणार नाही.